टोपल्याखालचं अंडं

आमच्या वस्तीत पुस्तक देवासारखं ठेवतात असं मी लिहिलं, तर पहिले माझे वडीलच रागावतील, कारण आमच्या घरांत देव नाहीत. पण खरं तेच आहे. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती, मूर्तीजवळ मेणबत्ती, आणि मेणबत्तीच्या झळीपासून जरा दूर सरकवून ठेवलेली पुस्तकं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. ज्या घरात अक्षर वाचणारं कुणी नाही, त्या घरातही ती असतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलेली आमच्या गल्लीतली बाई एक वेळ चप्पल हरवून परत येईल, पण पुस्तक घेतल्याशिवाय येणार नाही. मला या गोष्टीचा लहानपणापासून गर्व आहे. आजही आहे. त्या गर्वाच्या भरात मी एका लहान मुलीचं काय करून ठेवलं, ते मला सांगायचं आहे.

माझे वडील एका लहानशा ऑफसेट छापखान्यात मशीन चालवतात. मालकाचं काम म्हणजे लग्नपत्रिका आणि बिलबुकं. वडिलांचं स्वतःचं काम म्हणजे पत्रकं. ठेकेदारीविरुद्ध, नळाच्या पाण्यासाठी, अंगारे-धुपारे करणाऱ्या बाबालोकांविरुद्ध, शाळा बंद करायला निघालेल्या साहेबांविरुद्ध. सुटीच्या दिवशी मालकाला विचारून ते ती छापायचे आणि गठ्ठे घरी आणायचे. घड्या घालायचं काम आम्हा पोरांचं. कागद दुमडायचा, घडीवरून जुन्या कंगव्याची पाठ फिरवायची, बाजूला टाकायचा. मी पत्रकांवर वाढले असं म्हणते, तेव्हा ते शब्दशः खरं असतं. गठ्ठ्यांवर मी झोपलेली आहे. बिघडलेले कागद, म्हणजे शाई फासलेले, तिरके छापलेले, ते माझे. मी त्यांची होडी केली, त्यांवर भात सांडला, आणि त्यांतूनच कधीतरी वाचायला शिकले. मी सगळ्यांत आधी वाचलेला शब्द 'निषेध' होता, असं आई सगळ्यांना सांगते.

मोठी झाल्यावर मी डीटीपीच्या एका दुकानात टायपिंगला लागले आणि पत्रकं लिहायला लागले. वडिलांपेक्षा जहाल. त्यांच्या पत्रकात 'विनंती' असायची, माझ्या पत्रकात 'इशारा' असायचा.

वस्तीतल्या अंगणवाडीत मी काही दिवस मदतीला जात होते. तिथे एक गोष्ट मला खटकली. फळीवर इतकी पुस्तकं असलेल्या घरांतली पोरं अंगणवाडीत यायची, आणि त्यांना पुस्तक उलटं की सुलटं तेसुद्धा कळायचं नाही. फळीवरची पुस्तकं मोठ्यांची होती. लहानांचं एकही नव्हतं. मग मी एक पत्रक काढलं. यंदा दसऱ्याला प्रत्येक घराने आपल्या नेहमीच्या पुस्तकाबरोबर चित्रांचं एक पुस्तक घ्यावं, वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या एका पोरासाठी. स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या. ते विहारात आणून द्यावं. दर पौर्णिमेला आम्ही ते वाटू.

लोकांनी दिलं. इतकं दिलं की विहारातल्या लोखंडी कपाटाचं दार लागेना. भाजीवाल्या काकूंनी तीन आणली. म्हणाल्या, "मले एकबी वाचता येत नाही, तर तीन काय अन् एक काय, सारखंच!"

ही बातमी वस्तीबाहेर गेली, आणि पलीकडच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांनी रिक्षाने एक पोतं पाठवलं. स्पर्धा परीक्षांची जुनी गाइडं, उत्तरांवर टिकमार्क केलेली. पुठ्ठा निघालेला एक शब्दकोश. मी त्याच रिक्षात ते पोतं परत घातलं आणि सोबत चिठ्ठी दिली : आमची मुलं तीन वर्षांची आहेत, त्यांना तलाठ्याची परीक्षा द्यायची नाही. पुस्तक द्यायचं तर नवं द्या. रिक्षावाला म्हणाला, "बाई, रद्दीवाल्याले तरी विकून टाकली असती." मी त्यालाही दोन शब्द सुनावले. असा माझा तोरा होता, आणि त्या पोत्याबाबत तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

चूक नियमात झाली.

वाटपाच्या आधी मी सूचनांचं पत्रक तयार केलं. पुस्तक तुमचंच, पण दर पौर्णिमेला विहारात आणून दाखवायचं. जपलेलं असेल तर पुढचं मिळेल. फाटलं, मळलं, तर मिळणार नाही. वडिलांनी प्रूफ वाचलं आणि चष्मा काढला.

"शेवटची ओळ काढ."

"काहून?"

"पत्रकातून लोकायले हाक मारतात. दम नाही देत."

"बाबा, फुकट मिळालं की लोकांना किंमत नसते."

"कोणते लोक वं?" त्यांनी विचारलं. "नाव सांग एकाचं."

मी प्रूफ परत घेतलं. पण ओळ मी काढली नाही.

आमच्या मागच्या गल्लीच्या टोकाला एक वहिनी राहायच्या. साड्यांना फॉल-पिको करायच्या. गांधीबागेच्या कापडबाजारातून गठ्ठे यायचे, आणि त्यांच्या मशीनचा आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत गल्लीत असायचा. नवरा हिंगण्याला एका कंपनीत ठेक्यावर. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचायच्या. मला येताजाता छेडायच्या.

"काय वं पत्रकवाली, आज कोणाच्या विरोधात?"

"तुमच्या मशीनच्या. झोपू देत नाही."

"लिही मग. पण कागद जरा मोठा घेजो, मले फॉल मोजाले कामी येते."

त्यांना साडेतीन वर्षांची एक मुलगी होती. बारीक, काळीभोर, दिवसभर मशीनच्या पायाशी चिंध्यांत बसलेली. पहिल्या पौर्णिमेला विहारात चटईवर पुस्तकं पसरली, तेव्हा बाकीची पोरं आईच्या पदराआड उभी राहिली. ही सरळ जाऊन पुस्तकांच्या मधोमध बसली. एका कोंबडीचं पुस्तक तिने उचललं आणि ते कुणी काढून घेऊ नये म्हणून त्यावरच बसली. सगळे हसले. मीसुद्धा.

पुढच्या दोन पौर्णिमांना वहिनींना यायला जमलं नाही. लग्नसराई होती, साड्यांचे ढीग पडले होते. बाकीच्या घरांतली पुस्तकं मात्र यायची, आणि काय यायची! खाकी कव्हर घातलेली, त्यावर प्लास्टिक, कोपरे चाकूसारखे. मी उघडून बघायची, नव्या कागदाचा वास यायचा, आणि मला भरून यायचं. आमच्या माणसांना पुस्तकाची किंमत कळते, हे सिद्ध झालं असं मला वाटायचं. त्यावर मी एक पत्रकही काढलं.

चौथ्या पौर्णिमेला संध्याकाळी वहिनी आल्या. मुलगी कडेवर होती. त्यांनी पिशवीतून कोंबडीचं पुस्तक काढलं. कव्हर नव्हतं. कोपरे फुगलेले, वर हळदीची बोटं. एक कोपरा चावून चावून मऊ झालेला. आणि मधलं एक पान अर्ध्यापर्यंत फाटलेलं.

"ऐक ना वं," वहिनी हसत म्हणाल्या, "ही काय करून राहिली होती माहीत आहे का..."

"वहिनी, नियम तर वाचला होता ना?"

"वाचला ना. पण ऐक तर खरं."

"एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते. पुस्तक म्हणजे खेळणं नाही."

मागे रांगेत उभी असलेली एक बाई म्हणाली, "जपता येत नाही तर घेता कायले?" दुसरी म्हणाली, "आमचं पाहा, तीन महिने झाले, सुरकुती नाही." कुणीतरी हसलं. वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त ते आता कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. तेवढ्यात मुलगी कडेवरून वाकली आणि तिने माझ्यासमोरच्या नव्या गठ्ठ्याकडे दोन्ही हात केले. मी गठ्ठा माझ्याकडे ओढला.

ते ओढणं मला रोज आठवतं. ओरडले नव्हते, रागावलेही नव्हते. नुसता ओढला. मुलीने आधी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि हात फ्रॉकमध्ये घातले.

एवढ्यावर मी थांबले असते तरी बरं होतं. विहाराच्या दाराशी एक काळा फळा आहे, त्यावर रोज सुविचार लिहितात. त्या दिवशी मी त्याखाली लिहिलं : 'मागची गल्ली, शेवटचं घर – पुस्तक फाडले.' नाव लिहिलं नाही, याला मी तेव्हा सभ्यपणा समजत होते. ते खडूचं वाक्य पुढच्या पौर्णिमेपर्यंत तिथे राहिलं. साड्यांचे गठ्ठे घेऊन वहिनींना रोज त्याच दारावरून जावं लागायचं.

पुढच्या पौर्णिमेला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, नियमाचा परिणाम दिसतो आहे.

चारेक महिन्यांनी आईच्या नव्या साडीला फॉल लावायचा होता, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. मशीन चालू होती. मला बघून त्यांनी पाय थांबवला.

"या ना, बसा," त्या म्हणाल्या.

बसा. मला, जिचं नाक त्यांनी लहानपणी पदराने पुसलं होतं. मी साडी पुढे केली. "मंगळवारी घेऊन जा म्याडम," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

मुलगी चिंध्यांत बसलेली होती. आता चार वर्षांची. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कोंबडी काय म्हणते तुझी?"

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग ना मावशीले."

तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि सुरू केलं. "कोंबडीचं अंडं हरवलं. ती खाटेखाली पाहते. नाही. मग चुलीमागे पाहते. नाही." मग ती थांबली. आईने सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं, "पलटलं." पुस्तक कुठेच नव्हतं. मुलगी पुढे सांगायला लागली. "मग कडब्यात पाहते. नाही." पुन्हा थांबली. "पलटलं," आई म्हणाली. "मग टोपलं दिसते. उलटं टोपलं." इथे ती गप्प झाली.

"टोपल्याखाली काय आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही. ते पान शिवलं."

वहिनी उठल्या. साड्यांच्या कपाटातून एक पिशवी काढली, पिशवीतून जुन्या सुती साडीचा तुकडा, त्यातून पुस्तक. फाटलेलं पान त्यांनी मशीनवर शिवलं होतं. बारीक, सरळ, पिवळ्या दोऱ्याची टीप, कागदाच्या रंगाला मिळतीजुळती. "एकटं पान शिवलं तर टाक्यावर अजून फाटत होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून मागच्या पानाचं अस्तर लावलं. आता मजबूत झालं, पण दोन्ही पानं एक झाली. खाली अंडं आहे ना, मी सांगते तिले. पण म्हणते, पाहिल्याशिवाय नाही."

मग ती गोष्ट त्यांनी मला सांगितली, जी विहारात सांगायला निघाल्या होत्या. चित्रातलं टोपलं उलटं होतं. मुलगी रोज त्या पानावर अडायची, पुढे पलटू द्यायची नाही, आणि टोपलं नखाने उचलायला बघायची. खाली अंडं आहे की नाही, ते पाहायला. एक दिवस तिने जोर लावला.

"अन् आता?" मी विचारलं. "आता पुस्तक बघते का?"

"नाही. मीच हात नाही लावू देत," वहिनी म्हणाल्या. मग दोरा तोडून, "आता तीच नाही लावत."

मी तिथून उठले आणि घरी गेले नाही. वस्तीतल्या पोरांना विचारत फिरले. तुझ्या पुस्तकात काय आहे? एक म्हणाला, निळं आहे. एकीने सांगितलं, वर आहे, आजोबांच्या फोटोजवळ. एकजण म्हणाला, मोठा झाल्यावर देणार आहे आई. मी घरांत शिरून फळीवरची पुस्तकं काढायला लावली. प्लास्टिकच्या गाठी इतक्या घट्ट, की दातांनी सोडाव्या लागल्या. एका काकू घाबरून म्हणाल्या, "काही चुकलं का? आम्ही तर उघडलंबी नाही!" पौर्णिमेच्या सकाळी पिशवीतून काढायचं, संध्याकाळी दाखवायचं, रात्री परत बांधायचं. एवढ्या घरांत एकच पुस्तक वाचलं गेलं होतं, आणि त्याच घराकडे मी फळ्यावर खडूने बोट दाखवलं होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने काही उपदेश केला नाही. फक्त म्हणाली, "तू तर कागद खात होती. तुझ्या शीतून 'एकजूट' निघालं होतं एकदा." आणि हसली. मला हसता आलं नाही.

मी काय केलं? दुसरं पत्रक लिहिलं. मला दुसरं येतंच काय! 'पुस्तकं फळीवरून खाली काढा. पोरांना फाडू द्या, चावू द्या. आमचा नियम चुकीचा होता, जाहीर माफी.' वडिलांकडे नेलं. त्यांनी वाचलं, कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"छापून देईन. पण आधी तिच्या घरी जा. माफी छापून नसते मागत."

मी गेले. बरोबर पाच पुस्तकं नेली. मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं, की माझं चुकलं, की तुमचंच बरोबर होतं, की तुमच्या पोरीसारखं सगळ्यांनी वाचायला हवं होतं. वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं म्याडम. नियम तर नियम असते."

"मला म्याडम नका म्हणू ना."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग मला काहीच म्हटलं नाही.

पुस्तकं मी मशीनवर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा नवरा कामावर जाताना मोटरसायकल थांबवून माझ्या डीटीपीच्या दुकानात ती परत देऊन गेला. साडीच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. "ठेवाले जागा नाही आमच्याकडे," एवढंच तो म्हणाला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो ओशाळलेला होता, जणू पुस्तकं परत करणं हाही एक गुन्हा.

पत्रक छापलं, वाटलं. वस्ती हळूहळू बदलली. आता पौर्णिमेला विहारात फाटकी पुस्तकं येतात आणि आम्ही चिकटपट्टी, कात्री घेऊन बसतो. जिचं पुस्तक सगळ्यांत जास्त फाटलेलं, ती आई सगळ्यांत आधी येते, आणि कुठे कुठे काय काय झालं ते रंगवून सांगते. रांगेत टोमणे मारणारी ती बाई परवा म्हणाली, "आमच्या पोट्ट्यानं वाघाचं तोंडच खाल्लं ना बाप्पा, वाघ बिचारा आता डरकाळी कुठून फोडीन!" लोक हसतात. मीही हसते. पण मागच्या गल्लीतलं शेवटचं घर बंद आहे.

हिंगण्याच्या त्या कंपनीने ठेका दुसऱ्याला दिला आणि जुने कामगार काढले. वहिनींच्या सासरकडचं घर उमरेडच्या बाजूला होतं, तिकडे जायचं ठरलं. मला कळलं तेव्हा सामान टेम्पोत गेलेलं होतं आणि त्या एसटीने निघणार होत्या.

मला एकच सुचलं. तेच कोंबडीचं पुस्तक शोधायचं. दुकानांत नव्हतं, तसली पुस्तकं दसऱ्यालाच येतात. पण वस्तीतल्या आणखी एका घरात ते होतं. मी ते मागून घेतलं आणि स्टँडवर पोहोचले. गाडी लागलेली होती. वहिनी खिडकीशी, मांडीवर मुलगी, पायाशी मशीनचं डोकं कापडात गुंडाळलेलं. मी आत चढले, मुलीसमोर वाकले आणि टोपल्याचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने दोन्ही कोपरं वर उचलली. पाणी अंगावर आलं की उचलतात तशी. हात पुस्तकाला लागू नयेत म्हणून.

"पलट," मी म्हणाले. "अंडं आहे की नाही, बघ."

ती पुस्तकाकडे बघत होती. अगदी टक लावून. पापणी लवत नव्हती. मागे लोक चढत होते, कुणीतरी म्हणालं, बाई, रस्ता द्या. "पलट ना गं बाळा."

मला स्वतःला ते पान पलटता आलं असतं. एका बोटाचं काम होतं. पण मला ते तिच्याच हाताने व्हायला हवं होतं. तिनेच पलटलं तर ते खरं, मी पलटून दाखवलं तर ती भीक, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तेव्हासुद्धा, त्या क्षणीसुद्धा, मला तत्त्व हवं होतं.

गाडी सुरू झाली. कंडक्टर म्हणाला, जायचं नसेल तर उतरा. वहिनींनी पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

"असू द्या ना वहिनी."

"नको. प्रवासात खराब होईन."

मी खाली उतरले. गाडी वळली तेव्हा मुलीची कोपरं अजून वरच होती, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

यंदा ती पहिलीत गेली असणार असा हिशेब करून मी गेल्या महिन्यात फोन केला. वहिनींचा आवाज तोच, मागे मशीनही तीच. तिकडेही त्या फॉल लावतात. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग मी विचारलं, शाळा कशी आहे?

"शाळा बरी आहे. पण तिथली मास्तरीण म्हणते, पोट्टी मंद आहे."

"मंद?"

"पुस्तक बाकावर ठेवलं तर उघडतच नाही. बाजूची पोरगी उघडते, तेव्हा पाहते. ती पान पलटीन तेव्हा ही पलटलं समजते. स्वतः हात नाही लावत. घरी तोंडपाठ सगळं सांगते, पण तिथं कोण विचारते?" त्यांनी जरा वेळ मशीन चालवली. "मी सांगितलं मास्तरणीले, मंद नाही ती. तिले वाटते खराब होईन. तर मास्तरीण हसली."

"फोन द्या तिला," मी म्हणाले.

बऱ्याच वेळाने तिचा श्वास ऐकू आला. मी माझं नाव सांगितलं. विहारवाली मावशी, आठवते का?  मी म्हणाले, तुझ्या शाळेचं पुस्तक तुझं आहे. हात लाव. उघड. पलट. कुणी काही म्हणणार नाही.

ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पण तिने विचारलं, अगदी स्पष्ट, "फाटलं तर?"

"फाटू दे. काही नाही होत."

पलीकडे मशीन चालत होती. मी पुन्हा म्हणाले, "खरंच. फाटलं तरी काही नाही होत."

मग फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मशीनच्या जवळून, आईला सांगताना, तिचा आवाज :

"मावशी खोटं बोलून राहिली."

वहिनींनी फोन घेतला. त्या हसल्या, माझं मन राखायला. "लहान आहे, मनावर घेऊ नका," म्हणाल्या.